पेशीत दडलेल्या जिवाणूंवर प्रतिजैविकांची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचे प्रकल्प आणि पीएचडीचे पहिले वर्ष सुरू झाले की हेच प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा ते प्लेट हातात घेऊन, चेहरा पाडून विचारलेले असतात. मी बरीच वर्षे साल्मोनेला हा जिवाणू आणि मॅक्रोफेज ही जिवाणू गिळणारी पेशी या एकाच जोडीवर काम करते आहे, म्हणून उदाहरणेही मुख्यतः तिथलीच दिली आहेत.

प्लेटवर डिस्क ठेवली की जिवाणू मरतो का ते कळतेच. मग पेशी वाढवण्याचा खटाटोप कशाला?

टायफॉइडचे उदाहरण घ्या. त्याचा जिवाणू साल्मोनेला टायफी अगारवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, पसरवून वर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) ठेवली, तर दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती छान स्वच्छ वर्तुळ दिसते. पट्टी लावून व्यास मोजला तर जिवाणू ‘संवेदनशील’ ठरतो. पण त्या रिपोर्टवर विसंबून रुग्णाला जेंटामायसिन दिले तर ताप हटत नाही. म्हणूनच या चाचण्यांची प्रमाणके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेने बजावून ठेवले आहे, की साल्मोनेलाच्या बाबतीत अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिनचा गट) आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन ‘संवेदनशील’ म्हणून कळवू नयेत.

आता याच्या उलट गोष्ट. अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी जेमतेम ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत चढते. टायफीची एमआयसी, म्हणजे त्याची वाढ रोखायला लागणारी किमान तीव्रता, १६ मायक्रोग्रॅमपर्यंत असली तरी तो अझिथ्रोमायसिनला संवेदनशील धरला जातो. चाळीसपट तफावत! कागदावर हे औषध हरायला हवे, प्रत्यक्षात मात्र ते टायफॉइड बरा करते.

दोन्ही कोड्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. टायफी शरीरात मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या आत मुक्काम ठोकतो. जेंटामायसिनला पेशीचे आवरण ओलांडणे जड जाते, तर अझिथ्रोमायसिन त्याच पेशींमध्ये रक्ताच्या कित्येक पटींनी साठते. डिस्कच्या प्लेटवर पेशीच नसते, त्यामुळे तिला या दोन्ही गोष्टींचा पत्ता लागत नाही. औषधाचा विचार करताना पहिला प्रश्न ‘जिवाणू कोणता’ हा असतो, आणि त्याच्या इतकाच मोलाचा दुसरा प्रश्न म्हणजे ‘जिवाणू आहे कुठे’.

पेशीच्या आत म्हणजे नेमके कुठे?

ते जिवाणूवर अवलंबून आहे. साल्मोनेला एका पडद्याच्या पिशवीत राहतो. ती पिशवी आम्लधर्मी होते, आणि ते आम्ल हीच खूण समजून तो पुढची जनुके चालू करतो. लिस्टेरिया पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतो, तिथे पीएच साधारण उदासीन असतो. क्षयाचा जिवाणू पिशवीत राहतो, पण तिला पुरेशी आम्लधर्मी होऊ देत नाही. म्हणून एका जिवाणूवर चाललेले औषध त्याच पेशीतल्या दुसऱ्या जिवाणूवर चालेलच असे धरता येत नाही.

‘जेंटामायसिन प्रोटेक्शन अ‍ॅसे’ (assay) ही चाचणी म्हणजे काय?

जेंटामायसिनचा जो दोष टायफॉइडच्या रुग्णाला नडतो, तोच इथे कामाला लावलेला आहे. पेशींना जिवाणूंचा संसर्ग करायचा, थोडा वेळ द्यायचा, मग जेंटामायसिन घालायचे. बाहेर तरंगणारे आणि पेशींना वरून चिकटलेले जिवाणू मरतात, आत शिरलेले वाचतात. नंतर पेशी फोडून आतले जिवाणू अगारवर वाढवून मोजायचे. औषध तपासायचे असेल तर जेंटामायसिनने बाहेरचे साफ केल्यावर ते औषध घालायचे आणि ठरलेल्या वेळी आत किती जिवंत उरले ते पाहायचे.

कोणत्या पेशी घ्याव्यात आणि त्या मिळतात कुठे?

टीएचपी-१ या पेशी १९८० साली जपानमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून मिळाल्या. त्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, तरंगत वाढतात. पीएमए नावाचे रसायन दिले की तळाला चिकटून मॅक्रोफेजसारख्या वागू लागतात. रॉ २६४.७ आणि जे७७४ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी वाढवायला सोप्या आहेत. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांची परवानगी न घेता काढल्या गेल्या. त्या भक्षक पेशी नाहीत, त्यामुळे जिवाणूला स्वतःहून आत घुसावे लागते. घुसण्याचाच अभ्यास करायचा असेल तर त्या उत्तम.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि संशोधन संस्थांना तिथून पेशी मिळतात. शेजारच्या लॅबमधून ‘एक फ्लास्क द्या ना’ म्हणून आणलेल्या पेशींवर वर्षभराचे काम उभे करू नका. त्यांचे पॅसेज (जुन्या फ्लास्कमधून नव्यात वाढवण्याच्या फेऱ्या) किती झाले हे कुणाला माहीत नसते, आणि त्यात मायकोप्लाझ्मा असण्याची शक्यता मोठी असते. मायकोप्लाझ्मा हाही जिवाणूच आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, पण पेशींचे वागणे बदलून टाकतो. चाचणी करून घेतल्याशिवाय सुरुवात नको.

टायफी उंदराच्या पेशींमध्ये चालेल का?

नाही. टायफी माणसातच आजार करतो आणि उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये त्याचा टिकाव लागत नाही. टायफी हवा असेल तर टीएचपी-१ घ्या. उंदराच्या पेशींसाठी साल्मोनेला टायफिम्युरियम घेतात. पण मग निष्कर्षात ‘टायफॉइडचा जिवाणू’ असे लिहू नका.

पहिल्या दिवसापासून प्रयोग कसा चालतो?

आदल्या दिवशी २४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये साधारण दोन लाख पेशी लावा. त्याच संध्याकाळी जिवाणूची एक कॉलनी (अगारवर वाढलेला ठिपका) ब्रॉथ या पोषक द्रवात टाका.

सकाळी पेशी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तळावर एकसारखा, फटी नसलेला थर दिसला पाहिजे. जिवाणू एका पेशीला दहा या प्रमाणात घालायचे, म्हणजे दोन लाख पेशींना वीस लाख. ओडी (द्रवाचा मोजलेला गढूळपणा) पाहून अंदाज बांधला तरी घातलेल्या जिवाणूंचा एक थेंब विरळ करून प्लेटवर लावाच. खरोखर किती घातले हे दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवरच कळते. मॅक्रोफेजसाठी रात्रभर वाढून थांबलेले जिवाणू घेतलेले बरे. जोमात वाढणारा साल्मोनेला घुसखोरीची जनुके चालू करून बसलेला असतो आणि तासा-दोन तासांत मॅक्रोफेजच फोडून टाकतो.

प्लेट पाच मिनिटे हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे जिवाणू पेशींवर जाऊन बसतात. मग अर्धा तास ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. त्यानंतर पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने तीनदा धुणे.

हे धुणे मी प्रत्येक नव्या मुलाला शेजारी बसून दाखवते. पीबीएस गार असेल तर पेशी आक्रसतात, म्हणून ते कोमट करून घ्यायचे. प्लेट किंचित कलती धरायची, पिपेटची टिप वेलच्या भिंतीला टेकवायची आणि पीबीएस भिंतीवरून ओघळू द्यायचे. थेट मध्यभागी सोडले तर थराला पैशाएवढे भोक पडते, नुसत्या डोळ्यांनाही दिसते. त्या वेलचा आकडा नंतर कमी आला की वाटते औषधाने काम केले.

धुतल्यावर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन तासभर, पुन्हा धुणे, आणि मग तपासायचे औषध. वेळ भरली की परत धुवा, वेलमध्ये ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या रसायनाचे १ मिलिलिटर घाला, दहा मिनिटे थांबा, पिपेटने वरखाली करून पेशी नीट फोडा, दहा-दहापट विरळ करत अगारवर पसरा. कॉलन्या दुसऱ्या दिवशी.

मीडियममध्ये नेहमीचे पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन राहिले तर चालेल?

अजिबात नाही. माझा पहिला मोठा प्रयोग यातच गेला. आठ औषधे, तीन-तीन वेल, आणि सगळीकडे जिवाणू जेमतेम. माझ्या आधीच्या कुणीतरी बाटलीत पेन-स्ट्रेप घालून ठेवले होते आणि झाकणावर फक्त तारीख होती. तीन आठवडे मी औषधांना श्रेय देत होते. औषध न घातलेल्या वेलमध्येही जिवाणू वाढत नव्हते, ते पाहायला मला तीन आठवडे लागले. तेव्हापासून संसर्गाच्या प्रयोगांसाठी वेगळी बाटली, तिच्यावर लाल चिकटपट्टी, आणि पेशी किमान दोन दिवस आधीपासून बिनऔषधाच्या मीडियमवर.

जेंटामायसिन शेवटपर्यंत ठेवायचे की काढून टाकायचे?

यावर लोक अजून वाद घालतात. काढून टाकले तर फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले जिवाणू मीडियममध्ये भरमसाट वाढतात, त्यांचे विष पेशींना मारते आणि आतले-बाहेरचे हा भेदच उरत नाही. ठेवले तर पेशी मीडियमचे घोट घेत राहते, त्यासोबत जेंटामायसिनही थोडे थोडे आत जाते. तासाभरात ते नगण्य असते, २४ तासांत नाही.

मी १०० मायक्रोग्रॅम तासभर देऊन नंतर १० वर आणते, आणि तेवढेच जेंटामायसिन कंट्रोलच्या, म्हणजे तपासायचे औषध न घातलेल्या, वेलमध्येही ठेवते. तपासायचे औषध बाहेरच्या जिवाणूंना स्वतःच पुरून उरणारे असेल तर जेंटामायसिन पूर्ण काढणे जास्त प्रामाणिक. काहीही करा, पण काय केले ते पद्धतीच्या भागात आकड्यासह लिहा.

औषध किती तीव्रतेचे घ्यायचे?

आधी त्याच जिवाणूची एमआयसी स्वतःच्या हाताने काढा. मग तिच्या दहाव्या हिश्शापासून शंभरपटीपर्यंत तीव्रता घ्या. त्या पट्ट्यात रुग्णाच्या रक्तात पोचणारी कमाल पातळी कुठे येते ते आलेखावर उभ्या रेषेने दाखवा. रक्तात २ मायक्रोग्रॅमवर न जाणारे औषध ५० वर पेशीतले जिवाणू मारते, ही बातमी रुग्णाच्या उपयोगाची नाही. आणखी एक लक्षात ठेवा. मीडियममध्ये १० टक्केच सीरम असते, माणसाच्या रक्तात प्रथिने कितीतरी जास्त. प्रथिनांना घट्ट चिकटणारी औषधे प्लेटमध्ये आहेत त्यापेक्षा चांगली दिसतात.

कॉलन्या मोजल्या. आता हिशेब कसा?

३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेट निवडा. समजा हजारपट विरळ केलेल्या द्रवाचे ०.१ मिलिलिटर पसरले आणि ४३ कॉलन्या आल्या. ४३ गुणिले १० गुणिले १०००, म्हणजे मिलिलिटरला ४ लाख ३० हजार. पेशी १ मिलिलिटरमध्ये फोडल्या असतील तर वेलमागेही तेवढेच.

खरी मेख तुलनेत आहे. औषध घालण्याच्या क्षणी काही वेल फोडून जो आकडा मिळतो तो शून्य वेळेचा आकडा, आणि निम्मी मुले तो काढतच नाहीत. समजा तो २ लाख आहे, २४ तासांनी बिनऔषधाच्या वेलमध्ये २० लाख झाले आणि औषधाच्या वेलमध्ये २ लाखच राहिले. कंट्रोलशी तुलना करून तुम्ही लिहाल, ‘९० टक्के जिवाणू मेले’. पण बेरीज-वजाबाकी करता एकही घटलेला नाही. औषधाने फक्त वाढ थोपवली. मारणे आणि थोपवणे यांतला फरक शून्य वेळेच्या आकड्याशिवाय दिसत नाही.

एका औषधाच्या वेलमध्ये शून्य कॉलन्या आल्या. औषध सापडले म्हणायचे का?

आनंद होतो, तो मलाही ठाऊक आहे. पण आधी चार गोष्टी तपासा.

पेशी जिवंत होत्या का? औषधाने पेशीच मारली असेल तर तिच्या आवरणाला भोके पडतात, बाहेरचे जेंटामायसिन आत शिरते आणि जिवाणू जेंटामायसिनने मरतो. श्रेय मात्र तुमच्या औषधाला जाते. या एका चुकीने कितीतरी ‘आशादायक’ संयुगे पुढे गेलेली आणि मग गळालेली मी पाहिली आहेत. संसर्ग न केलेल्या पेशींवर तेच औषध, तेवढाच वेळ देऊन पेशी जिवंत आहेत का ते सांगणारी एमटीटी किंवा एलडीएच चाचणी करा, आणि संसर्ग झालेल्या वेलही सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गोल झालेल्या, सुटून तरंगणाऱ्या पेशी बरेच काही सांगतात.

फोडलेल्या द्रवाबरोबर औषध अगारवर गेले का? पेशीत साठणाऱ्या औषधांबाबत ही शक्यता जास्त. संसर्ग नसलेल्या पण औषध दिलेल्या पेशी फोडा, त्या द्रवात मोजके जिवाणू मिसळा आणि पसरा. कॉलन्या कमी आल्या तर दोष औषध वाहून आल्याचा.

ट्रायटन तुमच्या जिवाणूला सोसते का? साल्मोनेलाला सोसते. दुसरा जिवाणू असेल तर पाहून घ्या.

आणि तुमचे ‘शून्य’ म्हणजे किती? विरळ न केलेले ०.१ मिलिलिटर पसरले असेल तर मिलिलिटरला १० पेक्षा कमी, एवढेच तुम्ही म्हणू शकता. १० मायक्रोलिटरचा ठिपका ठेवला असेल तर १०० पेक्षा कमी.

औषध पेशीत भरपूर साठते, म्हणजे ते आत काम करतेच ना?

हा समज फार पसरलेला आहे. साठणे ही एक गोष्ट, जिथे जिवाणू आहे तिथे साठणे ही दुसरी, आणि तिथल्या परिस्थितीत काम करणे ही तिसरी. जेंटामायसिन दीर्घ काळ दिले तर लायसोसोम या पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांमध्ये साठते, पण तिथल्या आम्लात त्याचे बळ फार कमी होते. अझिथ्रोमायसिनचेही आम्लात बळ घटते, मात्र साठा इतका प्रचंड असतो की उरलेलेही पुरते. फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट) आत सहज शिरतात आणि बऱ्यापैकी काम करतात. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनचा गट) साठत नाहीत, तरी सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी औषधे टायफॉइडमध्ये चालतात. म्हणजे साठण्याच्या आकड्यावरून भाकीत करायचे नाही, मोजायचे.

ब्रसेल्सला पॉल टुल्केन्स आणि फ्रांस्वाझ व्हान बाम्बेके यांच्या गटाने टीएचपी-१ मधल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर औषधांच्या चढत्या तीव्रता लावून असे पूर्ण आलेख काढले. वाढ थोपवायला लागणारी तीव्रता आत आणि बाहेर फारशी वेगळी नव्हती. पण जास्तीत जास्त किती मारता येते ती मजल पेशीत बहुतेक औषधांची खूपच तोकडी पडली. म्हणूनच मी एका तीव्रतेवर केलेल्या चाचणीला चाचणी मानत नाही.

तीव्रता कितीही वाढवली तरी थोडे जिवाणू उरतातच. ते प्रतिकारक झाले का?

बहुधा नाही. उरलेल्यांतली एक कॉलनी उचला, तिची एमआयसी काढा. ती पहिल्याइतकीच आली तर ते ‘पर्सिस्टर’ आहेत, म्हणजे वाढ थांबवून पडून राहिलेले. वाढत्या जिवाणूची यंत्रणा बिघडवणाऱ्या औषधांना तिथे पकडायलाच काही नसते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सोफी हेलेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की मॅक्रोफेजने गिळल्यावर साल्मोनेलाचे असे थांबलेले जिवाणू मोठ्या प्रमाणात तयार होतात. जिवाणूत आधी चमकणारे प्रथिन भरून ठेवायचे, दर विभाजनाला चमक निम्मी होते, जे चमकतच राहिले ते विभागलेच नाहीत. इतकी साधी, सुंदर युक्ती. आधी थोपवलेला आजार पुन्हा का उलटतो, याचा विचार करताना मला हे काम नेहमी आठवते.

क्षयाच्या जिवाणूवर हीच पद्धत चालते?

तत्त्व तेच, पण सबुरी वेगळी. तो विभागायला जवळजवळ दिवस घेतो, कॉलन्या तीन-चार आठवड्यांनी दिसतात, आणि काम बीएसएल-३ लॅबमध्येच, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त लॅबमध्येच, करावे लागते. पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधाची कथा इथे सांगायलाच हवी. नेहमीच्या उदासीन मीडियममध्ये ते जवळपास निकामी दिसते. १९५४ मध्ये मॅकडर्मॉट आणि टॉम्पसेट यांनी मीडियम आम्लधर्मी केले तेव्हा त्याचा प्रभाव दिसला. केवळ नळीतल्या चाचणीवर निवड झाली असती, तर क्षयाचे उपचार नऊ महिन्यांवरून सहावर आणायला मदत करणारे हे औषध हातचे गेले असते.

अगारवर वाढतच नाहीत अशा जिवाणूंचे काय?

क्लॅमिडियासाठी कॉलन्यांऐवजी पेशीत तयार होणारे त्याचे पुंजके प्रतिपिंडाने चमकवून मोजतात. ज्या तीव्रतेला एकही पुंजका दिसत नाही ती एमआयसी. स्क्रब टायफस या तापाचा जिवाणू ओरिएन्शिया पेशीबाहेर वाढत नाही, तिथे पीसीआरने त्याच्या डीएनएच्या प्रती मोजाव्या लागतात. मेलेल्या जिवाणूचाही डीएनए काही काळ उरतो हे धरून चला आणि एकाऐवजी अनेक दिवसांचे आकडे घ्या. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली होती. त्यावर पेनिसिलिनसारखी औषधे चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन चालतात.

घरी टायफॉइडचा रुग्ण आहे. त्याच्यासाठी ही चाचणी करून मिळेल का?

नाही, ही संशोधनाची चाचणी आहे आणि कोणतीही पॅथॉलॉजी लॅब ती करून देत नाही. तुम्हाला हवे आहे ते ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहणे), तेही प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घेतलेले. डॉक्टरांना तसे विचारा. दुकानातून गोळ्या आणून दोन दिवस देऊन पाहिल्यावर रक्त घेतले, तर कल्चरमध्ये जिवाणू सापडण्याची शक्यता कमी होते आणि कोणते औषध चालेल हे कळण्याचा रस्ताच बंद होतो. आणि ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध द्या. रक्तातले जिवाणू गेले तेव्हा मॅक्रोफेजमधले अजून तिथेच असतात.